सुट्या भागांची तिजोरी

मंगळवार, ३ ऑक्टोबर

सकाळी गाडीच्या काचेवर दव गोठलं होतं. दहा वाजता बँकेत गेलो, बायकोचं, लाव्हॉनचं नाव खात्यावरून काढण्याच्या कागदावर सही केली. येताना ब्रेड आणि दूध घेतलं. दुपारी घरमालकीण मिसेस झालार जिना चढून वर आल्या आणि भाडेकराराची प्रत देऊन गेल्या.

ही वही लाव्हॉनची शेवटची शुश्रूषा करणाऱ्या हॉस्पिसच्या बाईंनी दिली होती. लाव्हॉन जूनमध्ये गेली तेव्हाच दिली, मी आज उघडली. रोज थोडं लिहा म्हणाल्या होत्या. काउंटीच्या रस्ते खात्यात एकतीस वर्षं मोजणीचं काम केलं, तेव्हा रोज लिहायचोच. तारीख, हवा, किती फूट मोजलं, सोबत कोण होतं. तसंच लिहीन.

करारात शेवटी एक कलम हाताने लिहिलेलं आहे. घरातल्या सर्व बंदुका कुलूपबंद तिजोरीत ठेवाव्यात, ३१ ऑक्टोबरच्या आत. बाकी सगळा करार छापील आहे. गेल्या महिन्यात मी इथे राहायला आलो त्या दिवशी माझी मुलगी हायडी डुलुथहून आली होती आणि दोघी खाली तासभर कॉफी पीत बसल्या होत्या. मिस्टर झालार होते तोवर त्यांची शॉटगन जिन्याखाली झाडूशेजारी उभी असायची, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. ऐंशीव्या वर्षी बाईंना एकदम बंदुकांची काळजी का वाटायला लागली, कळत नाही.

माझ्याकडे सात आहेत. सध्या पलंगामागे ब्लँकेटात गुंडाळलेल्या. तळ्याकाठच्या घरात त्यांच्यासाठी काचेच्या दाराचं लाकडी कपाट होतं. ते घराबरोबर विकलं.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

जिना मोजला. रुंदी साडेचौतीस इंच, मधल्या वळणावर एकतीस. मग शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. काउंटरवर पंचविशीची मुलगी होती, दंड माझ्यापेक्षा भक्कम.

"वरचा मजला? आणि घर भाड्याचं?" ती म्हणाली. "मग सर, या आख्ख्या तिजोऱ्यांकडे बघूच नका. ही साडेसातशे पौंडांची आहे. उचलायला चार जण लागतात आणि त्यातला एक तरी कंबर धरून घरी जातो."

तिने सुट्या भागांची तिजोरी दाखवली. तळ, छत, पाठ, दोन बाजू आणि दार असे सहा भाग वेगवेगळ्या खोक्यांत येतात. एकेक करून वर न्यायचे आणि जागेवर आतून बोल्ट आवळायचे. दार सर्वांत जड, एकशे दहा पौंड. भिंतीला भोकं पाडावी लागत नाहीत.

"घर बदललं की पुन्हा खोलून न्यायची," ती म्हणाली.

मी म्हटलं, आता घर बदलायचं नाही.

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली आणि चार माहितीपत्रकं हातात ठेवली.

संध्याकाळी ती चारही टेबलावर मांडून तुलना केली. एकीचा पत्रा पातळ. दुसरीत आगीपासून वाचवणारं अस्तर नाही. तिसरीची उंची कमी, वडिलांची लांब नळीची शॉटगन तिरकी ठेवावी लागेल. चौथी ठीक आहे, पण आकडे दाबायच्या कुलपाला बॅटरी लागते आणि बॅटरीवर माझा भरवसा नाही. आणखी बघायला हवं.

सहा वाजता हायडीचा फोन. ती रोज सहाला करते. रोज बोलण्यासारखं तिच्याकडे काय असतं मला कळत नाही. जेवलात का डॅड, काय जेवलात, आज कोण भेटलं. मी टोमॅटो सूप सांगितलं.

सोमवार, ९ ऑक्टोबर

रूडी प्रेबिल आला होता. रूडी खाणीत होता, आता निवृत्त. हरणांच्या हंगामात आमचा चौघांचा जो कॅम्प लागतो त्यातला तो एक. छत्तीस वर्षांची ओळख आहे.

कॉफीचे दोन कप प्यायला, हवेबद्दल बोलला, मग पलंगामागे बघत म्हणाला, "व्हर्न, तुझी ती तिजोरी येईपर्यंत बंदुका माझ्याकडे ठेव ना. माझ्या तळघरात भरपूर जागा आहे."

मी म्हटलं, इथे काय वाईट आहे?

"काही नाही. जागा आहे म्हणून म्हटलं."

"तुझं तळघर ओलं असतं."

"आता नसतं. पंप बसवलाय."

मी नको म्हटलं. जाताना दारात पुन्हा तेच. "निदान लाव्हॉनची तरी दे. तुला ती रोज समोर कशाला हवी?"

लाव्हॉनची रायफल हलकी आहे, अक्रोडाच्या दस्त्याची. दोन वर्षांपूर्वी रूडीनेच म्हटलं होतं की त्याच्या नातीला अशी शोभेल. माणूस जाऊन चार महिने झाले नाहीत तोच लोकांची नजर वस्तूंवर जाते. रूडीकडून अशी अपेक्षा नव्हती.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

दिवसभर पाऊस. बाहेर गेलो नाही.

शनिवार, १४ ऑक्टोबर

आवराआवर. लाव्हॉनचं शिवणयंत्र चर्चच्या बायकांना दिलं. माझी मोजणीची पितळी लेव्हल आणि तिपाई शाळेच्या वर्गाला दिली, मुलं शिकतील. बोट विकायला काढली होती, ती समोरच्या घरातल्या नवराबायकोला तशीच देऊन टाकली. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना?

विमा, गाडीचे कागद आणि घरविक्रीची पावती एका पाकिटात घालून वर हायडीचं नाव लिहिलं. तिला शोधाशोध नको. लाव्हॉनच्या वेळी एक कागद सापडायला आठ दिवस लागले होते.

सगळं जागच्या जागी लागल्यावर बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी दुपारी झोप लागली. हायडीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "डॅड, पितळी लेव्हल सुद्धा?" तिला ती हवी होती असं मला कधी वाटलं नव्हतं.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

मिसेस झालार पोटिकाचा तुकडा घेऊन आल्या. अक्रोड घालून गुंडाळलेला हा गोड ब्रेड त्या आईच्या पद्धतीने करतात. खुर्चीत बसून धाप ओसरू दिली आणि विचारलं, "तिजोरी कुठवर आली?"

मी त्यांना जमिनीखालच्या तुळयांचा नकाशा दाखवला. घर १९२२ सालचं आहे, तुळया सोळा इंचांवर. भरलेली तिजोरी पाचशे पौंड धरली तर ती पूर्वेच्या भिंतीलगत, तुळयांना आडवी ठेवावी लागेल. त्या जागेच्या बरोबर खाली त्यांचा पलंग येतो.

"म्हणजे पडली तर माझ्या डोक्यात."

"पडणार नाही. पण तुम्ही पलंग सरकवला तर मला बरं वाटेल."

"त्या पलंगावर माझे फ्रँक गेले. तो तिथेच राहणार. मी मेले तर तुम्हाला भाडं माफ." मग नकाशाकडे बघून म्हणाल्या, "मिस्टर कांगास, हे छान काढलंय. पण तिजोरी नकाशात ठेवता येत नाही. चौदा दिवस राहिलेत."

मी म्हटलं, चुकीची घेण्यापेक्षा उशीर बरा.

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "चुकीची घ्या. उद्या घ्या."

वय झालं की माणसं हट्टी होतात.

रविवार, २२ ऑक्टोबर

चर्चला गेलो नाही. दुपारी वडिलांची शॉटगन साफ केली. ती साफच होती. पुन्हा केली. मग ती मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, घड्याळ समोर असूनही. रेडिओ चालू होता, त्यावर काय लागलं होतं तेही आठवत नाही.

फोन वाजला तेव्हा सहा वाजले होते. उचलला नाही. हायडीने पुन्हा केला, तोही नाही. तिसऱ्यांदा उचलला. म्हटलं, अंघोळीला गेलो होतो.

यावर आणखी लिहीत नाही.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

सकाळी आठला रूडी खाली हॉर्न वाजवत उभा. "जोडे घाल. दुकानात जायचंय."

गाडीत म्हणाला, "आख्ख्या काउंटीचे रस्ते मोजलेस तू. पूल मोजलेस. आणि एक लोखंडी डबा घ्यायला तीन आठवडे?"

मी पत्र्याच्या जाडीबद्दल सांगायला लागलो.

"व्हर्न, आत सात जुन्या बंदुका आहेत. देशाचा खजिना नाही."

दुकानातल्या मुलीने ओळखलं. मी चौथ्या तिजोरीच्या बॅटरीची शंका काढली. तिने शांतपणे सांगितलं की बॅटरी बाहेरून बदलता येते. मग मी बिजागऱ्यांबद्दल विचारलं. मग आतली हवा दमट होते का ते विचारलं. तिने प्रत्येकाचं उत्तर दिलं. रूडी मागे बर्फात मासे धरायच्या गळांकडे बघत उभा होता, पण तो ऐकत होता. शेवटी माझ्याकडे विचारायला काही उरलं नाही. तेव्हा लक्षात आलं की मला ती घ्यायचीच नव्हती. कोणतीच. असं का, ते मी स्वतःला विचारलं नाही. पैसे भरले.

हमीचा फॉर्म वीस वर्षांचा होता. मी तो कोरा परत दिला. मुलगी म्हणाली, "भरा ना सर, फुकट आहे." मी म्हटलं, काय करायचाय. रूडीने पेन घेतलं आणि माझं नाव, पत्ता, सगळं स्वतः भरलं.

शनिवार, २८ ऑक्टोबर

तिजोरी उभी राहिली. सकाळी हलका बर्फ, जमिनीवर टिकला नाही.

सहा खोकी काल आली होती. रूडी नऊ वाजता पान्यांचा संच घेऊन आला. एकेक भाग वर नेला. दार नेताना जिन्याच्या वळणावर अडकलं. मी वर, रूडी खाली, आणि मिसेस झालार त्यांच्या दारातून सूचना देत होत्या.

"डावीकडे तिरकं करा."

"बाई, डावीकडे भिंत आहे," रूडी म्हणाला.

"ती माझी भिंत आहे, मला माहीत आहे. आणखी डावीकडे."

त्यांचंच बरोबर निघालं.

तळ भिंतीलगत ठेवला, पाणसळ लावून खाली दोन पातळ पट्ट्या सारल्या. मग पाठ, बाजू, छत. आतले बोल्ट मी आवळले, कारण माझे खांदे अरुंद आहेत. अर्धा तास मी त्या डब्यात गुडघ्यांवर होतो आणि बाहेरून रूडी एकेक बोल्ट हातात देत होता. दार बसवलं. पहिल्याच खेपेला बरोबर बसलं. काम चांगलं झालं की जे वाटतं ते मला थोडं वाटलं.

बंदुका आत ठेवल्या. लाव्हॉनची शेवटी ठेवली. काडतुसं वरच्या कप्प्यात. रूडीने सूचनांचा कागद वाचला. नवीन आकडा टाकायचा तर दाराच्या आतलं बटण दाबून सहा अंक दोनदा द्यायचे. मी हात पुढे केला.

"नंबर मी टाकतो," रूडी म्हणाला. "तू खिडकीतून बाहेर बघ."

मला वाटलं तो गंमत करतोय.

"तिजोरी माझी आहे," मी म्हटलं.

"हो."

"बंदुका माझ्या आहेत."

"हो."

"मग?"

"मग काही नाही. तू खिडकीत उभा राहा."

माझा आवाज चढला. मी म्हटलं, तुला लाव्हॉनची रायफल हवी आहे, महिनाभर तू त्याच्याच मागे आहेस, सरळ सांग. हे बोललो ते लिहून ठेवतो, कारण मी बोललो.

रूडी खोक्यावर बसला. हातातला पाना पुसला.

"दोन हजार नऊ साली," तो म्हणाला, "खाण बंद पडली आणि डायना मला सोडून गेली. त्या हिवाळ्यात माझ्या बंदुका तुमच्या घरी होत्या."

मला आठवत होतं. लाव्हॉनने सांगितलं होतं की रूडीचं छप्पर गळतंय, बंदुका गंजतील, म्हणून आपल्याकडे ठेवल्यात. शिवणाच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांमागे होत्या.

"तुझं छप्पर गळत होतं," मी म्हटलं.

"माझं छप्पर कधीच गळत नव्हतं, व्हर्न."

"मी डांबर लावलं होतं वर."

"दोन डबे. शनिवारी दिवसभर. मी खाली शिडी धरून उभा होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? लाव्हॉन म्हणाली, त्याला सांगू नकोस, त्याला काय करू नि काय नको होईल आणि तो तुझ्याशी नीट बोलणारच नाही. एका संध्याकाळी ती एकटी गाडी घेऊन आली. काही विचारलं नाही. म्हणाली, रूडी, त्या माझ्या गाडीत ठेव, वसंतात परत देईन. मी ठेवल्या. मे महिन्यात तिने परत आणून दिल्या, तेल लावून."

मी जमिनीवरचे उरलेले बोल्ट गोळा केले.

मग तो म्हणाला, "हायडीने मला फोन केला होता. पण तिने केला नसता तरी मी आलो असतो. तुला बोटीची हौस, आणि तू बोट फुकट दिलीस."

मी खिडकीत जाऊन उभा राहिलो. खाली मिसेस झालार बागेतल्या डेलियाचे कंद उपटत होत्या, गुडघ्याखाली उशी घेऊन. मागे सहा वेळा टिक टिक झालं. मग पुन्हा सहा वेळा. दार लागल्याचा आवाज जड होता.

"हवी असेल तेव्हा फोन कर," रूडी म्हणाला. "मी येईन, उघडीन, तुझ्याबरोबर बसेन, पुन्हा बंद करीन."

तो गेल्यावर खोकी कापून बांधून ठेवली. एक्केचाळीस वर्षं मी तिच्याबरोबर राहिलो आणि दोन डबे डांबर लावून आलो.

बुधवार, १ नोव्हेंबर

काल मुदत संपली. मिसेस झालार येऊन तिजोरी बघून गेल्या. दार ओढून बघितलं, एकदा थोपटलं.

आज दुपारी तिजोरीसमोर खुर्ची घेऊन बसलो. मग उठून लग्नाची तारीख दाबली, सहा अंक. लाल दिवा लागला. दुसरा आकडा कोणता दाबायचा याचा विचार करत होतो. आपण काय करतो आहोत ते तेव्हा समजलं.

रूडीला फोन केला. म्हटलं, मी नंबर दाबून पाहिला.

"कोणता?"

"लग्नाची तारीख."

"तेवढा मूर्ख नाही मी." मग म्हणाला, "येऊ का?"

मी म्हटलं, नको. नंतर म्हटलं, ये.

सात मिनिटांत आला. जोड्यांच्या नाड्या बांधलेल्या नव्हत्या, पाठोपाठ मिसेस झालार पायरीवर पाणी झालं म्हणून ओरडत. तो पाच वाजेपर्यंत बसला. आम्ही पत्ते खेळलो, तो हरला. २२ तारखेच्या दुपारबद्दल मी त्याला सांगितलं. या वहीत लिहिलं त्यापेक्षा जास्त सांगितलं. त्याने मान खाली घालून ऐकलं. म्हणाला, "हे हायडीलाही सांग." सहा वाजता तिचा फोन आला तेव्हा सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, सोमवारी डॉक्टरची वेळ घेते, मी येते गाडी घेऊन. मला गाडी चालवता येते, हे मी म्हटलं नाही.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

उद्या हरणांचा हंगाम सुरू. रूडी पहाटे न्यायला येणार आहे. मी म्हटलं होतं, बंदूक नसताना कॅम्पवर येऊन काय करू?

"स्वयंपाक," तो म्हणाला. "कुणीतरी करायलाच हवा. २००९ साली मी केला."

हे मला आठवत होतं. त्याने घेवडा इतका करपवला की आम्ही आठवडाभर त्याला चिडवत होतो. मधे एक वर्ष कॅम्पमधल्या वायनोने केला होता, त्याचा मुलगा गेल्यानंतर. त्याआधी एकदा थोरल्या कोस्कीने, का ते तेव्हा मी विचारलं नव्हतं. मला वाटायचं पाळी असते. माझी पाळी कधी आली नाही, त्याचं बरं वाटायचं. तीस वर्षं त्या टेबलावर बसून मी ताट पुढे केलं आणि वाढणाऱ्याकडे पाहिलं नाही.

दुकानात जाऊन आलो. मी धरून चार जण, दोन दिवस. पिठाच्या पारीत मांस-बटाटा भरून भाजतात त्या पेस्टी करायच्या ठरवल्या, आदल्या दिवशी भरून नेता येतात. गोमांस चार पौंड, कांदे, पिवळा सलगम, बटाटे दहा पौंड. लाव्हॉन पेस्टीत गाजर घालायची. रूडीला पेस्टीत गाजर चालत नाही. गाजरं घेतली आहेत.

अजून चांगलं वाटत नाही. तसं लिहिलं तर खोटं होईल. सकाळी उठून लाव्हॉनच्या बाजूला हात गेला. पण पीठ मळून ठेवलंय आणि ते तासभर झाकून ठेवायचं असतं.

साडेचार वाजलेत. सूर्य झालारबाईंच्या गॅरेजमागे गेलाय. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, पातेल्यात गार पाणी घेतलं. आता बटाटे सोलायला बसतो.